वर्षा घरात होती

धाकटी डहाणू
१४ ऑक्टोबर २०१८

नवशीबाय,

आज रविवार. बर्फाच्या कारखान्याला सुट्टी. सकाळी नळाला पाणी आलं ते भरून ठेवलं. भात आणि जवळ्याचं कालवण केलं. शेजारच्या वेणूकाकीने येऊन वर्षाला न्हाऊ घातलं. दुपारी वर्षा झोपली तेव्हा मी घरामागचं गवत काढलं. एवढाच दिवस झाला.

जाताना तू म्हणालीस की पत्र लिहीत जा. फोन घ्यायला तुला टेकडीवर चढावं लागतं, तिथे रेंजसाठी आलेली आणखी चार माणसं कान देऊन उभी असतात, आणि मला फोनवर काही सुचतही नाही. म्हणून लिहितो. पांड्या बर्फ आणि मासळी घेऊन आठवड्यातून दोनदा तलासरीला येतोच, त्याच्याकडे चिठ्ठी देतो.

निलमचे दिवस झाले आणि तुम्ही सगळे गेलात, त्यानंतर मी बोटीवर गेलो नाही. बोट एकदा निघाली की चार-पाच दिवस परत येत नाही. पूर्वी निलम घरी होती. आता बर्फात काम करतो. सकाळी जातो, संध्याकाळी येतो.

वर्षाला सतरावं लागलं. पाय तर जन्मापासूनच धरत नाहीत, पण अंगाने ती आता आपल्या आईएवढी, निलमएवढी झाली आहे. उचलताना माझीही कंबर धरते. काही कामं बापाने करायची नसतात, ती वेणूकाकी करते. पण काकीला तिची मासळीची पाटी आहे. ती दुपारी बाजारातून आली की दार उघडते, वर्षाला बाजूला नेऊन आणते, जेवायला देते. तोपर्यंत मी बाहेरून कुलूप लावतो. उघडं ठेवलं तर कुत्री आत शिरतात आणि वर्षाला ती हाकलता येत नाहीत. ती शहाणी आहे, तक्रार करत नाही. खिडकीपाशी बसवतो, तिथून खाडीचं पाणी दिसतं.

तुम्ही काळजी करू नये. शुक्रादाजींना आणि डोसीला नमस्कार.

जीवन

◆

आंबेपाडा
२१ ऑक्टोबर २०१८

जीवन,

पांड्याने पत्र दिलं. शुक्रा म्हणाला, मोठ्याने वाच. मी वाचलं, पण कुलपाचं गाळलं.

सख्खी बहीण आहे मी, तरी तू काही मागत नाहीस. आश्रमशाळेत तापाने अंग फणफणलं तरी तू कोणाला सांगत नव्हतास, दुसरीच पोरं मला मुलींच्या बाजूला येऊन सांगायची. आता पत्रभर लिहिलंस आणि शेवटी काय, तर काळजी करू नये.

वर्षाला इकडे पाठव. होळीपर्यंत तरी. पुढचं पुढे बघू. भातकापणी चालू आहे, शुक्रा आणि मी शेतावर असतो, पण डोसी दिवसभर घरात असते. सासू म्हणून मला टोचायचं संपलं की तिला दुसरं काम नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "आण त्या पोरीला. घरात बोलायला माणूस होईल. तू काय, हो आणि नाही, दोनच शब्द शिकून आलीस." नंतर अंगण सारवताना म्हणाली, "तिला ओट्यावर बसवू, येणारं-जाणारं दिसेल."

आमच्या घराला दिवसा कडी लागत नाही. एवढंच लिहिते.

दिवाळी तिथे करा आणि मग पाठव. मी स्वतः टेम्पोत बसून न्यायला येईन. पांड्याला सांग, त्या दिवशी मासळीची खोकी मागे ठेव.

नवशी

◆

धाकटी डहाणू
१३ नोव्हेंबर २०१८

नवशीबाय,

तुम्ही गेल्यावर वेणूकाकी येऊन बसली. ती म्हणाली, "पोर गेली तर तुझं तोंड असं काय झालंय, सासरी पाठवलीस काय?" मी हसलो.

तू निघायच्या घाईत होतीस, म्हणून काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिला उचलताना आधी सांगायचं की उचलतो. न सांगता हात घातला की ती अंग ताठ करते आणि मग दोघांनाही लागतं. उजवा हात चांगला चालतो, ताटली त्या बाजूला ठेवायची. बोलायला वेळ लागतो. लोक मध्येच तिचं वाक्य पूर्ण करतात, ते तिला आवडत नाही. थांबलं की ती बरोबर सांगते. रात्री एकदा कुशीवर वळवावं लागतं. निलम झोपेतही उठून वळवायची. मला पहिले काही दिवस जाग यायची नाही, आता वर्षा इथे नसतानाही येते.

परवा संध्याकाळी घरातली भांडी वाजली. काकीला वाटलं जड गाडी गेली. पण आमच्या गल्लीत गाडी येत नाही. तुमच्याकडेही झालं का?

दुसरं काम. ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम डहाणू रोडला एका हॉलमध्ये आहे. चाकांची खुर्ची देणार आहेत. निलमने दोन वर्षांपूर्वी नाव दिलं होतं, आता नंबर लागला. ज्याची खुर्ची त्याने हजर राहायचं असं सांगितलं. तेवढ्यापुरतं वर्षाला घेऊन ये.

जीवन

◆

आंबेपाडा
२७ नोव्हेंबर २०१८

जीवन,

हो, इकडे जमीन हलते. आधी खालून गडगड येते, मग पत्रे-कौलं वाजतात, मग थांबतं. तालुक्याची माणसं येऊन बघून गेली. गाड्या रस्त्यापर्यंत येतात, आमच्या पाड्याला रस्ता नाही, म्हणून त्यांनी ओढ्याच्या पलीकडूनच विचारलं, सगळे बरे ना? शेजारचा काकड्या इकडून ओरडला, बरे आहोत, पाणी प्यायला या. ते आले नाहीत.

तू घाबरू नकोस. रात्री आम्ही बाहेर झोपतो. थंडी आहे, पण पेंढा भरपूर आहे.

वर्षा बरी आहे. पेज दोन वाट्या खाते. तिच्या कोपराला थोडं खरचटलंय, पडवीत घसरली. हळद लावली.

तीन तारखेला घेऊन येते.

नवशी

◆

धाकटी डहाणू
५ डिसेंबर २०१८

नवशीबाय,

तू कार्यक्रमाला होतीसच, पण मागे बायकांत बसली होतीस, म्हणून स्टेजवर काय झालं ते लिहितो.

हॉलला सात-आठ पायऱ्या होत्या. दिव्यांगांचा कार्यक्रम आणि चढायला पायऱ्या. चौघांनी प्रत्येकाला उचलून वर नेलं. वर्षाला उचलण्याआधी कोणी सांगितलं नाही, ती ताठ झाली. भाषण करणाऱ्यांनी माझ्याकडे माईक धरून विचारलं, "हिचं नाव काय?" वर्षाने स्वतः सांगायला सुरुवात केली. ती 'व' वर होती तोवर मीच सांगून टाकलं. मलाही घाई झाली होती, मागे रांग होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग फोटो झाला. समाजाने यांना आपलं मानलं पाहिजे असं ते म्हणाले. ते चांगलंच बोलले.

बाहेर चहा वाटणारी बाई होती. तिने मला न विचारता वर्षाला विचारलं, "गोड चालतं का गं तुला? कपात देऊ का बशीत?" वर्षाने सांगेपर्यंत ती किटली धरून उभी राहिली. मागची माणसं कुरकुरली. ती म्हणाली, "थांबा, तिचं होऊ दे." मला तिचं नाव विचारायचं राहिलं.

आता मला विचारायचं आहे ते. टेम्पोत तुम्हाला बसवताना मी वर्षाचं कोपर बघितलं. दोन्ही कोपरं सोललेली आहेत. पडवीत घसरून दोन्ही कोपरं जात नाहीत. मी तिला विचारलं तर ती हसायला लागली आणि म्हणाली, "डोसीने कोंबडी वाचवली." पुन्हा विचारलं तर तेच. पांड्यालाही ते माहीत असावं, तो दुसरीकडे बघत होता.

काय झालं ते लिही.

जीवन

◆

आंबेपाडा
९ डिसेंबर २०१८

जीवन,

सांगते. शुक्रा नको म्हणत होता.

तिची कोपरं सोलली त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसणार होतो. वर्षा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी चुलीपाशी. आधी गडगड आली, आणि या वेळी ती थांबली नाही. कौलं खाली पडायला लागली. बाहेरून कोणीतरी ओरडलं, बाहेर पळा. शुक्रा पळाला. डोसीने टोपलीखालची खुडूक कोंबडी काखेत मारली आणि पळाली. मीही पळाले.

अंगणात येऊन उभी राहिले. सगळा पाडा बाहेर होता. पोरं रडत होती. तेव्हा मी खाली बघितलं, माझ्या हातात पेजेचं भांडं होतं. फडक्याने दोन्ही बाजूंनी धरलेलं. एक थेंब सांडला नव्हता.

म्हणजे मी थांबले असणार. फडकं शोधलं असणार, भांडं चुलीवरून उतरवलं असणार. एवढा वेळ माझ्याकडे होता. ते मला काही आठवत नाही. शुक्राने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "पोर कुठंय?" तेव्हा मला ती आठवली.

मी आत गेले. ती कोपरांवर सरकत उंबऱ्यापर्यंत आली होती. अंगावर कौलांची माती. भांडं अजून माझ्या हातातच होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "फुई, पेज खाली ठेव, हात भाजेल."

पडवीत घसरली असं मी तुला लिहिलं. सरकत आली म्हणजे घसरलीच, असं मी मनाशी म्हणत होते.

तिने कोणाला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगते. शुक्राफुवा सगळ्यांत पुढे, एका हातात लुंगी. डोसीने कोंबडी नेली. फुईने पेज नेली. काकड्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आणि तुला?" ती म्हणाली, "मला कोण नेणार, मी अंडी देत नाही." सगळे हसले. शुक्रा उठून बाहेर गेला. तेव्हापासून तो तिच्यासमोर जेवायला बसत नाही. डोसीने ती कोंबडी विकून टाकली.

त्यानंतर आणखी एक झालं. काकड्याने पाड्यात सांगितलं, अंधार पडला की आधी ती पोर खळ्यावर जाईल, मग बाकीचे. आम्ही खळ्यावरच झोपतो, झोडणी झाली, जागा मोकळी आहे. बांबू रोवून वर पेंढा टाकला आहे. पण हे सगळं नंतरचं.

तू घेऊन जायला आलास तर मी अडवणार नाही.

नवशी

◆

धाकटी डहाणू
१२ डिसेंबर २०१८

नवशीबाय,

रविवारी येतो. तिचे कपडे बांधून ठेव.

जीवन

◆

आंबेपाडा
६ जानेवारी २०१९

जीवन,

तू गेलास त्याला तीन आठवडे होतील. पांड्या पाच-सहा वेळा येऊन गेला, तुझी चिठ्ठी नाही. मी विचारलं तर म्हणतो, "जीवनभाऊ कामावर जातो, घरी येतो, बोलत नाही. पण तो आधी तरी कुठे बोलत होता?"

तू जेवण न करता गेलास. डोसीने तुझ्यासाठी भाकर थापली होती.

त्या दिवशीचं माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहिते. तू टेम्पोतून उतरलास तो कामावरचे गमबूट घालून सरळ खळ्यात शिरलास. याच पाड्यात जन्मलास तू. काकड्या म्हणाला, "जीवन, पायातलं काढ, खळं आहे." तू त्याच्याकडे असं बघितलंस जसं तो परकी भाषा बोलतोय. मग काढलेस आणि हातात धरून उभा राहिलास. मला तेव्हाच वाईट वाटलं. इथे खळ्यावर कोणी चप्पल घालत नाही, खाट टाकत नाही, मोठा-लहान सगळे जमिनीवर, हे तू विसरलास.

वर्षा पेंढ्यावर बसली होती, बायकांची दोन तान्ही पोरं तिच्या बाजूला. आता बायका पाण्याला जाताना पोरं तिच्यापाशी ठेवतात. ती उजव्या हाताने त्यांना धरून ठेवते. रांगत गेलं की पाय धरून मागे ओढते आणि ओरडते.

तू म्हणालास, "चल."

ती म्हणाली, "कुठे?"

"घरी."

"घरी कोण आहे?"

"मी आहे ना."

तिला बोलायला बराच वेळ लागला. तू मध्ये बोलला नाहीस, थांबलास, ते मी बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी असता. इथे जमीन हलते तर सगळे घाबरतात. घरी मी एकटी घाबरायचे."

तू विचारलंस, "घरी कशाला घाबरायचीस?"

ती म्हणाली, "कुलपाला."

मग तू गमबूट उचललेस आणि ओढ्याकडे चालू लागलास. मी मागे आले, हाक मारली. तू थांबला नाहीस.

तुला वाटत असेल मी तिला शिकवलं. मी काही शिकवलं नाही. मला तर तू तिला न्यावंस असं वाटत होतं, कारण ती समोर असली की मला माझ्या हातातलं भांडं दिसतं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

खुर्ची इथेच आहे. पाड्यात तिची चाकं रुततात. काकड्याने तिच्यावर पाण्याचे कॅन ठेवून ओढ्यावरून आणायला सुरुवात केली. मी ओरडले तर वर्षा म्हणाली, "राहू दे, खुर्ची तरी चालते." आता सगळा पाडा तिला विचारून खुर्ची नेतो. विचारल्याशिवाय ती देत नाही.

रागावला असशील तर तसं लिही. पण लिही.

नवशी

◆

आंबेपाडा
३ फेब्रुवारी २०१९

जीवन,

पांड्याने तुला फोनवर सांगितलं असेलच की आम्ही बरे आहोत. मी टेकडीवर गेले होते, पण सगळ्यांचेच फोन चालू होते, लागला नाही. नीट कळावं म्हणून लिहिते.

शुक्रवारी दिवसभर हलत होतं. दुपारचा धक्का सगळ्यांत मोठा होता. आमच्या घरकुलाची मागची भिंत पडली, विटा आतल्या खोलीत आल्या. काकड्याचं कुडाचं घर तसंच उभं आहे. तो म्हणतो, "मी सांगत होतो, विटा नको." एरवी हसले असते.

त्या वेळी शुक्रा आणि मी वीटभट्टीवर होतो. ऊन लागतं म्हणून दुपारी वर्षाला खळ्यावरून उचलून पडवीत बसवतो. घरात ती आणि डोसी दोघीच. भट्टीवरून पाडा दिसतो, आम्हाला धूळ उडताना दिसली. आम्ही पळालो. शुक्रा माझ्यापुढे होता. मी त्याला एवढं जोरात पळताना बघितलं नव्हतं, त्या दिवशीही नाही.

अंगणात सगळे होते. डोसी नव्हती.

दोघी पडवीत होत्या. डोसीने वर्षाचं डोकं स्वतःच्या पोटाशी घेतलं होतं आणि वर घोंगडी ओढली होती. दोघी मातीने पांढऱ्या झाल्या होत्या. शुक्राने घोंगडी काढली तेव्हा डोसी त्याच्यावरच खेकसली, "एवढा वेळ कुठे होतास?" वर्षाला त्याने उचललं आणि खळ्यावर नेलं. उचलायच्या आधी तो म्हणाला, "उचलतो गं." आता ते सगळ्यांना माहीत आहे.

नंतर मी डोसीला विचारलं, तुम्ही बाहेर का नाही आलात. ती म्हणाली, "मला पळता येतं का या वयात?" अंगणातलं पोरगंही तिच्याकडे बघायला लागलं. कोंबडी घेऊन ती कशी पळाली ते सगळ्यांनी बघितलं आहे. मग ती म्हणाली, "पोर मला उचलवत नव्हती. मग बसले तिच्याजवळ. दोघी असल्या की बरं."

रात्री खळ्यावर वर्षा हे सांगत नव्हती. कोणी विचारलं तर म्हणाली, "डोसीला विचारा." डोसी झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

सरकारी तंबू आले आहेत, रस्त्यापर्यंत. शुक्रा आणि काकड्या जाऊन आमचा घेऊन येणार आहेत. काकड्याने खुर्ची मागितली, वर्षाने दिली.

तिने तुला निरोप दिला आहे. तिच्या शब्दांत लिहिते, मध्ये काही घातलं नाही. "बाबा, मी बरी आहे. डोसी बरी आहे. तिला दात नाहीत पण सुके बोंबील पाहिजेत, भाजून चघळते. पुढच्या वेळी आणा. पुढच्या वेळी जेवून जा."

नवशी

◆

धाकटी डहाणू
२४ फेब्रुवारी २०१९

नवशीबाय,

आज रविवार. सकाळी कपडे धुतले. दार आणि खिडकी उघडून घर झाडलं. दुपारी बोटीच्या तांडेलाकडे जाऊन आलो.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मी रागावलो नव्हतो. लिहायला बसलो की पहिली ओळ लिहून थांबायचो.

त्या शुक्रवारी आम्हालाही मोठा धक्का बसला. कारखान्यात बर्फाच्या लाद्या सरकल्या. सगळे बाहेर आले. मी तुमच्याकडे फोन लावत होतो, लागत नव्हता. संध्याकाळी पांड्याचा आला. तोपर्यंतचा वेळ कसा गेला ते लिहिता येत नाही.

मी तिला न्यायला आलो तेव्हा मला तिची काळजी होती, ते खरं आहे. पण संध्याकाळी दार उघडून आत आलो की कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आलो म्हणून. त्यासाठीही आलो होतो. ते तिला कळलं असावं.

पेजेचं तू लिहिलंस, त्यावर मी काही उत्तर दिलं नाही. तू ते पुन्हा पुन्हा आठवू नकोस. जमीन हलत असताना तुझ्या हातून झालं, आणि एकदा झालं. मी शांतपणे रोज सकाळी तिला पाणी देऊन, खिडकीपाशी बसवून, बाहेरून कुलूप लावत होतो. किल्ली वेणूकाकीच्या कमरेला आणि काकी बाजारात. एखाद्या दिवशी आग लागली असती, पाणी शिरलं असतं, तर? हे मला तेव्हा सुचलं नाही. कुत्र्यांचं तेवढं सुचलं. तिने 'कुलपाला' म्हटलं तेव्हा मला तिथे उभं राहवलं नाही, म्हणून निघालो.

आपल्यावर असा प्रसंग आला तर तिला कोण उचलेल, हे निलम मला दर पावसाळ्याला विचारायची. मी म्हणायचो, मी आहे ना. मी बोटीवर असायचो.

होळीनंतर तिला न्यायचं असं ठरलं होतं. तिला राहायचं असेल तेवढे दिवस राहू दे. तुला ती समोर नको वाटत असेल तर तसं लिही, मी दुसरी सोय बघेन. पण ते खरं असेल तरच लिही. भांडं दिसतं म्हणून नको. तिच्या खर्चाचं मी पांड्याबरोबर देत जाईन, शुक्रादाजींनी नको म्हणू नये. डोसीला सांग, मी भाकर खाऊन निघायला हवं होतं.

तांडेलाने विचारलं, परत येतोस का. बुधवारपासून बोटीवर जातो. बोट लागली की मधल्या दिवसांत पाड्यावर येत जाईन आणि रात्री तुमच्याबरोबर खळ्यावर झोपेन. तिला कुशीवर कोण वळवतं हे मी विचारलंच नव्हतं. मी असेन त्या रात्री मी वळवेन.

वर्षाला हे पत्र वाचून दाखव. सगळं. काही गाळू नकोस.

वेणूकाकीला बोंबलांचं सांगितलं. ती म्हणाली, "विकत कशाला घेतोस, ओले आणून देते, तू वाळव." मी म्हणालो, ते बायका करतात. ती म्हणाली, "तुझ्या घरात कुठली बाई आहे आता?" आणि थोड्या वेळाने टोपली आणून ठेवली. जाताना एकदा करून दाखवलं.

पत्र ठेवून उठलो होतो. अंगणात दोन वाशांना दोरी बांधली. बोंबील धुऊन घेतले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, म्हणजे वाऱ्याने पडत नाही. दात बारीक असतात, बोटांना लागतात. पहिल्या काही जोड्या सुटून वाळूत पडल्या, त्या पुन्हा धुऊन घातल्या. मग हात बसला. उजेड होता तोवर टोपली संपली. शेवटी एक उरला. एकटा दोरीवर राहत नाही. तो आत आणला, मीठ-हळद लावून तव्यावर टाकला आणि भाताबरोबर खाल्ला.

जीवन